बांधून ठेवलेल्या जहाजाचा प्रवास

जुनी जेट्टी, भावनगरच्या पुढं
२ जानेवारी

चंदाताई,

कमळूचा नमस्कार. आधी रागवून घे, मग पुढचं वाच. भिवंडीचं गोडाऊन सोडलं. कसाऱ्याचा ढाबा सोडला तेव्हा तू बोललेलीस, तुझं बूड एका जागी टेकत नाय, बाभळीवर बसल्यासारखा उठतोस. खरं हाय. पण आता असं काम घावलंय का सोडावंसं वाटत नाय. जहाजावर हाय मी!

जहाज म्हंजे केवढं? आपला अख्खा वरचा पाडा गुरं, कोंबड्या, पेंढ्याच्या उडव्या घेऊन आत शिरला तरी म्हसोबाला जागा उरंल. पण चालत नाय. इंजिन कधीच मेलंय. मांडीएवढ्या दोरांनी जेट्टीला बांधून ठेवलंय. कुण्या शेठनं जुनं घेतलंय आणि आमी त्याचा गंज काढतो. हातोडीनं ठोकायचं, मग ग्रायंडर, मग लाल रंग. एक रंग खरवडला का खाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. नाकाडावर नाव लोखंडात उठवलंय, त्याच्याखाली घासलेलं जुनं नाव, त्याच्याखाली आणखी एक. मला इंग्रजी धड वाचता येत नाय, पण बोटानं चाचपलं तर तिन्ही नावं लागतात.

इथं रखवालदार हाय हासमचाचा, कच्छचा. तो आधी याच जहाजावर खलाशी होता. जहाजाला बाईमाणूस समजून बोलतो. 'इसने बहुत घर बदले हैं, बेटा. हर घर में अलग काम किया.' रोज चहाला बसलो का एकेक घराची गोष्ट सांगतो.

फोन गेटवर जमा करून घेतात, आणि पाड्यात तुमाला तरी रेंज कुठं? म्हणून पत्र. तू अंगणवाडीच्या मिटिंगला मुरबाडला जाशील तेव्हा टपालात टाक. आपल्या बाला सांग, कमळू जहाजावर हाय, बरा हाय.

तुझा
कमळू


वरचा पाडा, सिद्धगडाखाली
२७ जानेवारी

कमळ्या,

तू घोळ करून ठेवलास. नाय, तू नाय, बाने केला. खरं तर मी केला.

तुझं पत्र घेऊन ओटीवर बसले आणि 'जहाजावर हाय मी' इथपर्यंत वाचलं. पुढचं वाचायच्या आत बा टोपी घालून बाहेर. 'अवो बा, थांबा, अजून हाय,' मी ओरडतेय, तर हा शेजारच्या बुधूआजाच्या दारात पोचला पण. तिथून म्हशाच्या जत्रेला. जत्रेत बैलबाजारात उभं राहून ज्याला त्याला, 'आमचा कमळू दर्यावर हाय. देशोदेशी फिरतो.' बैल बघायला आलेली माणसं बैल सोडून बालाच बघायला लागली.

तिथंच कसाऱ्याचे महादूकाका भेटले, रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळतात ते. त्यांची भाविका आठवते? पाड्यातल्या सारिकाच्या हळदीला जिच्याकडं बघत बघत तू बादलीतली डाळ पाहुण्याच्या मांडीवर ओतलीस, ती. आता ती आसनगावला पॅकिंगला जाते. काका बाला म्हणाले, 'ढाब्यावरच्याला पोरगी द्यायला मन धजत नव्हतं. जहाजावरच्याला देऊ.'

बाला खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. त्याच्याकडं बघितलं आणि मिटलं. आई गेल्यापासून बाला एवढं ताठ चालताना बघितलं नव्हतं रे.

तेव्हा आता तू फिरतोयस बाबा. कुठं फिरतोस ते तूच ठरव आणि कळव. दोन कागद लिहीत जा, एक बाला वाचून दाखवायचा, एक माझा.

ताई


जुनी जेट्टी
९ फेब्रुवारी

(बाला वाचायचा कागद)

बाच्या पायावर डोकं. आमी सध्या लय थंड मुलखात हाय. इथं समुद्राच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा, आणि जहाज ते मोडत जातं. या काठाहून त्या काठाला मोटारी न्यायच्या. जहाजाचं तोंड सुसरीसारखं वर उघडतं आणि मोटारी चालत चालत आत. मी त्यांच्या चाकांना साखळ्या लावतो. माणसं गोरी, कोण कुणाशी बोलत नाय, नुसती कॉफी पितात. लहान पोरांना खेळायला वेगळी खोली हाय, तिच्या भिंतीवर पांढरं अस्वल काढलंय. माझी तब्येत बरी हाय. टपाल सगळं कंपनीच्या गुजरातच्या हापिसातून येतं, म्हणून शिक्का गुजरातचा दिसंल.

(तुझा कागद)

ताई, मी नवीन काय रचलं नाय गो. हे सगळं जहाजाचंच हाय. पयलं घर तिचं तिकडं बर्फाच्या देशात होतं, चाचानं सांगितलं. सुसरीचं तोंड आता वेल्डिंग मारून बंद केलंय, पण बिजागऱ्या दिसतात. मोटारी बांधायच्या कड्या जमिनीत हायेत, माझा पाय रोज त्यांच्यात अडकतो.

अस्वल पण खरं हाय. ते खरवडायचं काम माझ्याकडंच आलं. ग्रायंडर लावला, पोट गेलं, एक पाय गेला. मग तोंडाशी आलो तर ते माझ्याकडंच बघत होतं. मिस्त्री जेवायला गेला तेव्हा तेवढं तोंड ठेवून वरून पत्रा मारून टाकला. फक्त तुला सांगतो.

भाविकेचं खरं का? डाळीचं तिला आठवतं का विचार. नको, नको विचारू.

कमळू


वरचा पाडा
२८ फेब्रुवारी

कमळ्या,

तुझा कागद वाचायला ओटी भरली. बुधूआजानं विचारलं, ते अस्वल चावतं का. बा म्हणाला, 'कंपनीचं हाय, कंपनी बघून घेईल.' मग बाने तो कागद चौकोनी घडी करून खिशात घातला आणि थेट कसारा गाठलं. महादूकाकांनी गँगच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे. साखरपुडा अक्षय्यतृतीयेला धरायचं बोलणं झालंय.

पण जरा उन्हाच्या मुलखात जा. बर्फाचं ऐकल्यापासून बाला धड झोप नाय. आईची लुगडी काढून गोधडी शिवायला मला बसवलंय. 'पोरगं गारठून मरंल' म्हणतो. मी वाकळ शिवतेय, सुई बोटाला टोचतेय आणि तुला शिव्या घालतेय.

खरंच विचारते, त्या जहाजाचं पुढं काय होणार? ते मोडलं तर तू परत ढाब्यावर?

ताई


जुनी जेट्टी
१६ मार्च

(बाला वाचायचा कागद)

बा, आता थंडी सरली. अरबस्तानाच्या बाजूला आलोय. ऊन असं का लोखंडावर भाकरी भाजंल. आधी थोडे दिवस माणसं नेली. डब्बे, गाठोडी, चटया, म्हशाच्या जत्रेला जीपमध्ये बसतात तशी एकावर एक. भिंतीवर चार भाषांमध्ये लिवलंय, थुंकू नका. तरी चार भाषांची माणसं थुंकतात.

त्याच्यानंतर मेंढरं. हजारांनी मेंढरं, मजल्यावर मजले. प्रत्येक मेंढराला दावं बांधून ओळीत उभं केलेलं. पाण्याच्या पन्हाळी, चारा वरून नळीतनं पडतो. मी पाणी सोडतो. मेंढरं गुणी हायेत, छान हायेत. काळजी नसावी.

(तुझा कागद)

मेंढरांचं तर मी नाकानं वाचलं. कोपऱ्यातल्या लेंड्या लोखंडाला अशा चिकटल्यात का छिन्नी लागते. चाचा याच घरात खलाशी होता. म्हणतो, 'आधी माणसं खाली उतरताना सलाम करायची, मेंढरांनी कधी केला नाय, पण तक्रार पण नाय केली.'

तू विचारलंस, पुढं काय. आमाला पण कोण सांगत नव्हतं. मिस्त्री म्हणायचा, मोडीत जाणार. दुसरा म्हणायचा, हॉटेल होणार. मी हातोडी मारताना विचार करायचो, आपण हिला बरी करतोय का सोलतोय? परवा सुपरवायझरनं सांगितलं. कुठंतरी समुद्रात मोठ्या पुलाचं काम निघालंय, तिथल्या कामगारांना झोपायला-जेवायला ही जागा होणार. मेंढरांच्या एका खणात दोन पलंग बरोबर बसतात, मापच तसं. मला इतकं हलकं वाटलं का पत्र्याला पाठ लावून तसाच बसलो. आणि पुढं पंप-नळ बघायला दोन-तीन पोरं कायम ठेवणार, त्यात माझं नाव घालतो बोललाय.

पण ताई, किती दिवस फिरू? देश संपत आले.

कमळू


कसारा
५ एप्रिल

श्री. कमळू यांस,

तुमचा पत्ता चंदाताईंकडून घेतला. कशाला ते त्यांना सांगितलं नाही.

तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. बाबांनी इतक्या लोकांना दाखवली की घडीवर कागद फाटायला आलाय. पत्रं चांगली आहेत. त्या अस्वलाच्या खोलीचं तर मी कंपनीत मैत्रिणींना पण सांगितलं. पण मला हे लग्न नको आहे.

राग मानू नका, कारण सांगते. माझे बाबा घाटात गँगला. पावसाळ्यात दरड आली की निरोप यायचा आणि ते जायचे. आई भाकरी तव्यावर टाकायची आणि दाराकडं बघत राहायची, भाकरी करपायची. आमच्या घरी पावसाळाभर करपलेली भाकरी. तो घाट तर आमच्या अंगणातून दिसतो. तुम्ही आज बर्फात, उद्या अरबस्तानात. मी कुठल्या बाजूला तोंड करून वाट बघायची?

तुम्ही ढाब्यावर असता तरी मी हो म्हटलं असतं. डाळीचं मला आठवतं. ज्यांच्या मांडीवर सांडली ते माझे मामा.

साखरपुड्याच्या आधी बाबांना सांगणार आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून हे लिहिलं. समुद्रात सांभाळून राहा.

भाविका


जुनी जेट्टी
१३ एप्रिल

ताई,

मेलो. भाविकेचं पत्र आलं. जहाजावरचा नवरा नको म्हणते. ढाब्यावरचा चालला असता म्हणते! आपण ज्याच्यासाठी एवढा दर्या पालथा घातला तेच तिला नको हाय.

मी त्याच दिवशी तिला लिवलं, अगं बाय, जहाज बांधून ठेवलंय, मी पाण्याचा थेंब वलांडला नाय, आजच्या आज विश्वास ठेव. पेटीत टाकलं आणि मग डोक्यात आलं, मोडायला आलेलं लग्न वाचवायला कोणपण असंच लिवंल. बर्फ खरं वाटलं आणि जेट्टी खोटी वाटंल.

आणि पेटीपासून परत येतो तर सुपरवायझर गेटवर उभा. म्हणतो, पाऊस लागायच्या आत हिला इथून न्यायची, ओढून न्यायला टगबोट येणार, दोर आणि पंप बघायला चार माणसं वर पाहिजेत, तू चल. म्हंजे बघ. इतके दिवस बोललो फिरतोय, तेव्हा हलत नव्हती. आता लिवलं हलत नाय, तर निघाली!

मी काय करू? मला इथून पळता येत नाय. तूच कसाऱ्याला जा गो. बाला काय सांगायचं ते तूच बघ. मला तर त्याच्या खिशातली ती घडी डोळ्यांपुढं येते.

कमळू


वरचा पाडा
४ मे

कमळ्या,

शांत बस आणि सावकाश वाच. आधी शेवट सांगते, नायतर तुझं काळीज टिकायचं नाय. अक्षय्यतृतीयेला ठरल्यासारखा साखरपुडा झाला. तुझ्या वाटचा नारळ बाने धरला.

आता कसं ते. तुझं पत्र आलं आणि मी बासमोर जाऊन बसले. बा शेळीला पाला घालत होता. म्हटलं, 'बा, कमळूचं जहाज...' तर बा म्हणाला, 'चालत नाय. ठाऊक हाय.'

मी गार. 'कधीपासून?'

'मेंढराला दावं कोण बांधतं गं?' बा म्हणाला. 'दावं शेळीला. धनगर दिवाळीनंतर घाट उतरून आपल्या वावरात मेंढरं बसवतात, त्यात एक तरी बांधलेलं बघितलंस? एकाच्या मागं एक चालणारी जात ती. आपल्या घरी शेळ्या, म्हणून याला वाटलं जनावर म्हंजे दावं. हजार मेंढरांत उभा राहिलेला माणूस असं लिहिणार नाय. आणि मेंढरं छान हायेत? लेंड्यांचा वास नाय, लोकर नाय, नुसती छान!'

म्हणजे मार्चपासून माहीत होतं! तरी तो कागद खिशात घेऊन गावभर. मी म्हटलं, 'मग बोलला का नाय?' म्हणाला, 'जत्रेत फुशारकी मी मारली. पोरगं ती पुरी करायला बर्फात गेलं. त्याला खोटं कुठल्या तोंडानं पाडू?'

मग मी तुझं पहिलं पत्र पुरतं वाचून दाखवलं आणि भाविकेचं सांगितलं. बाने पाला तिथंच टाकला, टोपी घातली. मी पण मागं मागं. मुरबाडहून जीप, कल्याणहून गाडी. कसाऱ्याला महादूकाकांच्या ओटीवर टेकला आणि पाणी यायच्या आत म्हणाला, 'काका, माझं पोरगं कुठं जात नाय. एका जागी बांधलेल्या जहाजाचा गंज काढतं. देशोदेशी मी फिरवलं त्याला. आता पोरगी द्यायची का नाय ते तुमी ठरवा.' एवढं बोलून टोपी काढून मांडीवर ठेवली. कमळ्या, बाने कुणापुढं टोपी काढलेली मी बघितली नव्हती.

भागीरथीकाकू तांब्या घेऊन तशाच उभ्या. तेवढ्यात आतून भाविका. हातात तुझं पत्र. आदल्या दिवशीच पोचलं होतं आणि तुला वाटलं तसंच, तिनं ते खोटंच धरलं होतं. बाला विचारते, 'म्हणजे खरंच हलत नाही?'

'नाय गो.'

'वादळ आलं तरी?'

'मांडीएवढे दोर हायेत म्हणे.'

ती अशी हसायला लागली की काकूंच्या तांब्यातलं पाणी सांडलं. काका मात्र हसले नाय. मग म्हणाले, 'लडकूभाऊ, जत्रेतलं ऐकून मी भुललो हे पण खरंच. पण ऐका. गाड्या धावतात त्या दुसऱ्यांच्या. आपण खालचं न हलणारं सांभाळतो. पोरगं माझ्याच जातीचं निघालं की. बसा, जेवून जा.'

जेवणात डाळ होती. मामा पण आले होते. त्यांनी ताट जरा लांब ओढून घेतलं.

टगबोटीचं मी तिथंच सांगून टाकलं, मागं काय ठेवायचं नाय म्हणून. नेतात ती कुठं, तर अलिबागच्या खालच्या खाडीत, बाजूच्या पाड्यातला पोरगा मुरबाडला कामाला जातो, त्यानं तिथून तुझ्या सुपरवायझरला फोन लावून विचारलं आणि आम्हाला सांगितलं. म्हणजे एका दिवसात येष्टीनं घरी येता येईल एवढ्यावर! भाविका म्हणाली, 'जाऊ दे एकदा. पण त्यांना सांगा, आता पत्र एकाच कागदावर लिहायचं. सगळ्यांसमोर वाचता येईल असं.'

बा सांगतो ते लिहिते, शब्द त्याचे: 'कमळ्या, गाढवा, मेंढरं कशी असतात ते धनगर आले का ये, दाखवतो. गोधडी झालीय. बर्फ नाय तर नाय, खाडीत वारा असंल.'

ताई


खाडी, अलिबागच्या खाली
२७ मे

बा, ताई, भाविका, महादूकाका, भागीरथीकाकू आणि ओटीवर जो कोण बसला असंल त्या सगळ्यांस,

कमळूचा नमस्कार. कागद एकच हाय. पाठपोट लिवलाय.

निघालो तेव्हा हासमचाचा जेट्टीवर उभा होता. हात हलवंल वाटलं, तर नाय. दोर सोडले, जहाज जरासं सरकलं, तो बघत राहिला. मग वळला आणि चहा सांगायला गेला. दोर सोडायच्या आधी एवढंच बोलला होता, 'इस घर में इसको अच्छा रखना.' मी बोललो रखेंगे.

टगबोट एवढीशी असते. म्हशीला लहान पोर दावं धरून नेतं तशी आमाला नेत होती. मोठ्या जनावराला काय वाटत नसंल, पण वरच्या माणसाला वाटतं. खरं सांगतो, जेट्टी दिसायची बंद झाली आणि मी ओकलो. परत ओकलो. बर्फात गेलो, अरबस्तानात गेलो, मेंढरं नेली, कधी ओकलो नव्हतो, आणि आता गुजरातच्या कडेकडेनं जाताना आतडी बाहेर यायची बाकी राहिली. बाकीचे तिघं हसत होते. मी पंप बघून यायचो आणि त्या खेळायच्या खोलीत आडवा व्हायचो, पत्र्याला टेकून. पत्र्यामागं काय हाय ते मला ठाऊक. ताईला पण. भाविका, तू आलीस का स्क्रू काढून दाखवीन. पोट नाय त्याला, एक पाय पण नाय, तो माझा गुन्हा. पण तोंड हाय.

आता जहाज खाडीत हाय, चारी बाजूंनी साखळ्या टाकून नांगरलंय. पुलाचे कामगार यायला लागले. झारखंडची पोरं हायेत, बिहारची हायेत. मेंढरांच्या खणात झोपतात. मी त्यांना सांगितलं नाय अजून. एकानं विचारलं, या पलंगाशेजारी ही पन्हाळ कशाला? मी बोललो, पाणी जायला. खोटं नाय ते. चार भाषांतलं 'थुंकू नका' आमी रंग न मारता ठेवलं, आता त्यात पाचवी भाषा घालणार हायेत.

पंप आणि नळ माझ्याकडं. कायमचं माणूस म्हणून नाव लागलंय. पाऊस जोर धरायच्या आत एकदा घरी येतो, पनवेलवरून कल्याण, कल्याणवरून मुरबाड, येष्टीनं. लग्न भात झोडल्यावर, असं ताईनं मागनं कळवलंय. मला चालतं. भाविका, वाट बघायची तर आता दक्षिणेला तोंड करून बघ, सरळ खाली. भाकरी टाकली असशील तर उलटून मग बघ.

बा, आता तुझ्यासाठी. येताना मुंबई मागं पडली आणि सकाळी उजेड झाला तेव्हा डाव्या हाताला डोंगरांची रांग उठली. त्या दिवशी पयल्यांदा मी वर येऊन धड उभा राहिलो. मनात आलं, लिवू या का सिद्धगड दिसला. हात शिवशिवत होता. बा वाचून घेईल, टोपी घालंल, बुधूआजाला सांगंल.

नाय दिसला बा. हवा धुरकट होती, आणि समुद्र लांब हाय आपल्यापासून. पण तो त्याच बाजूला असणार म्हणून तिकडं तोंड करून भात खायला बसलो. आणि तो पोटात राहिला.

तुमचा
कमळू